कॅप्टनला दोनदा सांगावं लागलं

मंडळी, आज डोकं लई फिरलंय.

मी जळकोटची, विमान कंपनीत नवीनच को-पायलट. सकाळी नांदेडला उतरताना वारा जोराचा होता आणि आमचा वेग फार जास्त. मी कॅप्टनला म्हणाले, "सर, गो अराउंड." म्हणजे न उतरता विमान परत वर घ्या.

"आता जळकोटची पोरगी मला शिकवणार?" ते हसले.

धावपट्टी समोर आली. मी ओरडले, "सर, वर घ्या!" तेव्हा कुठं घेतलं. दुसऱ्यांदा नीट उतरलो.

खाली सगळ्या स्टाफसमोर कॅप्टन म्हणाले, "हिला माझ्यासोबत देऊ नका. घाबरट आहे."

"सर, मी तक्रार करणार आहे," एवढंच बोलले.

"नोकरी नको झाली का?"

तरी कंपनीकडं तक्रार केली. तुम्ही त्या विमानात असता, तर मी गप्प बसलेलं चाललं असतं का?