यावलहून अख्खे आलेले बिबडे

देवचंद तायडेला जन्मात कुणी हुशार म्हटलं नाही आणि त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही. त्याचा आयुष्याचा एकच नियम होता. वस्तू चांगली की वाईट हे दुकानदाराला विचारायचं नाही, नातेवाइकाला विचारायचं. घरात पंखा घ्यायचा ठरला तेव्हा त्यानं तो आधी चाळीसगावच्या साडूकडे, गिरधरकडे, अख्खा उन्हाळा फिरवून घेतला. गिरधर गार झोपला, देवचंद इकडे घामानं निथळला, पण पंखा चांगला आहे हे घरच्या माणसाकडून कळलं याचं त्याला मोठं समाधान होतं.

जळगावच्या एमआयडीसीत ललितशेठचा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, कारखाना आहे. तिथे देवचंद पॅकिंगचा फोरमन आणि त्याची बायको लिलाबाई थापणाऱ्या बायांची म्होरकी. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-मिरची-लसूण घालून शिजवायची आणि ओल्या फडक्यावर हातानं थापून उन्हात वाळवायची. लिलाबाईचा बिबडा उन्हासमोर धरला तर पलीकडचा माणूस ओळखू येतो. तो पातळपणाच कारखान्याच्या मुळावर आला होता. दुकानात पोचेपर्यंत निम्मे बिबडे फुटायचे. शेवटी शेठनं जाहीर केलं की दिवाळीपर्यंत नीट पॅकिंग सापडलं नाही तर बिबडे बंद, त्या शेडमध्ये शेवयांचं मशीन. शेवया थापाव्या लागत नाहीत, म्हणजे लिलाबाई आणि तिच्या सगळ्या बाया घरी. आणि पॅकिंग कोणतं घ्यायचं ते देवचंदनं ठरवायचं. निर्णय चुकला तर शिव्या द्यायला माणूस हाताशी असावा, ही शेठची जुनी रीत.

"मशीन काळं ल्या नहीतर गोरं ल्या," लिलाबाई घरी म्हणाली. "मना बिबडा अख्खा जावाले पाहिजे."

मग मशीनवाले येऊ लागले. पहिल्याचं मशीन पाकिटावर फिल्म चढवायचं आणि गरम बोगद्यातून पुढे ढकलायचं. उष्णतेनं फिल्म आकसून मालाला घट्ट बसायची. शेठनं मशीनला कुंकू लावलं आणि पट्ट्यावर पहिला नारळ ठेवला. बोगद्यातून नारळ असा देखणा बाहेर आला की शेठ बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिला आणि आपण नारळच का विकू नये, असं त्यानं गंभीरपणे विचारलं. नंतर बिबडे आत गेले. फिल्म आवळली आणि आतून कुरकुर ऐकू आली. "माल सेट होतोय," मशीनवाला म्हणाला.

दुसरं मशीन पाकिटात हवा भरायचं. पाकीट उशीसारखं फुगायचं आणि आतला एकही बिबडा फुटायचा नाही. देवचंदचा चेहरा उजळला. पण शेठनं ट्रकमध्ये अशी किती पाकिटं मावतील याचा अंदाज घेतला आणि त्याचं तोंड कडू झालं.

"मी बिबडे विकतो की हवा?"

"शेठ, वेफरवाले पण हवाच विकतात."

"ते मोठे लोक आहेत. त्यांची हवा चालते."

तिसरं मशीन उलट होतं. पाकिटातली होती नव्हती ती हवा ओढून घ्यायचं आणि फिल्म मालाला अशी चिकटवायचं की पाकिटाची वीट व्हायची. शेठनं ती वीट कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. आवाज नाही म्हणजे फुटलेलं नाही, असं शेठ म्हणाला आणि मशीनवाल्यानं शेठचा शब्द खाली पडू दिला नाही.

हवेचं मशीन बाद झालं, राहिली दोन. पाकिटं तिथल्या तिथे फोडून बघितली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. लिलाबाईनं तसं सुचवलंही. पण देवचंदला ते पटेना. कारखान्यात जो तो आपल्या मतलबाचा, मशीनवाला तर बोलूनचालून परका, आणि पाकिटाला प्रवासही घडायला हवा. त्यानं आकसलेलं पाकीट चाळीसगावला गिरधरकडे धाडलं आणि हवा ओढलेलं यावलला बहिणीकडे, सुनिताकडे. दोघांना फोनवर बजावलं की उघडायचं नाही, आठवडाभर ठेवायचं आणि जसंच्या तसं परत पाठवायचं.

गिरधर शिस्तीचा माणूस. त्यानं पाकीट लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलं आणि वेळेवर परत केलं. आत निव्वळ भुगा होता. यावलचं पाकीट एसटीनं केळीच्या फण्यासोबत आलं. देवचंदनं सगळ्यांसमोर ते उघडलं. सगळे बिबडे अख्खे होते.

पाकीट जरा सैल पडलं होतं खरं. "प्रवासात थोडी हवा शिरतेच," मशीनवाला म्हणाला. "यावलची हवा चांगली आहे," शेठनं दुजोरा दिला. एक कड काळपट दिसत होती, ती एसटीच्या धुरानं. लिलाबाईनं एक बिबडा उचलला, उलटापालटा केला आणि खाली ठेवला.

"हाऊ मना बिबडा नही," ती म्हणाली.

"प्रवासानं माणूस बदलतो," देवचंद म्हणाला, "बिबडा बदलणार नाही?"

हवा ओढणारं मशीन आलं. पहिला माल धुळ्याला गेला, देवपुरातल्या किरणच्या दुकानात. ट्रक निघून गेल्यावर सुनिताचा फोन आला.

"जयभीम, भाऊ. वहिनीचे अजून बिबडे पाठव ना. त्या दिवशी अचानक पाव्हणे आले, घरात तोंडी लावायला काही नाही. तेच पाकीट कापलं. आतमध्ये सगळा चुराच होता, झाऱ्यानं तळून काढला. पण पाव्हणे बोटं चाटत गेले."

"मग माझ्याकडे आले ते?"

"भावाचं पाकीट रिकामं कसं धाडू? मागाहून मीच घरी थापले, ते भरले आणि मेणबत्तीवर कड चिकटवली. नीट पोचले ना?"

देवचंद तिथेच पोत्यावर बसला. आयुष्यभर ज्या नात्यावर भरवसा ठेवला त्या नात्यानं काही फसवलं नव्हतं, उलट माया केली होती, आणि त्या मायेनंच त्याच्या बायकोचं काम बुडवलं होतं. त्याला रडू आलं. घरी जाऊन त्यानं लिलाबाईला सगळं सांगितलं. ती रागावेल अशी त्याला आशा होती. ती रागावली नाही.

"नणंदना घरनं काहीच रिकामं येस नही," ती म्हणाली, "हाई तुमले माहीत नव्हतं का?"

देवपूरहून फोन आला तेव्हा देवचंदनं जयभीम म्हणण्याऐवजी आधी माफीच मागितली. किरणला काही कळेना. त्याचा माल संपला होता. आसपास खोल्या करून राहणारी कॉलेजची पोरं पाकिटांवर तुटून पडली होती. त्यांच्याकडे कढई नाही आणि तळणाइतकं तेल नाही. हा चुरा चमचाभर तेलात परतायचा, वर कांदा कापायचा, की झालं. "अजून पाठवा," किरण म्हणाला, "पण असाच पाहिजे. चुरा."

शेठनं हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं असं सांगितलं. शेवयांचं नाव निघेनासं झालं आणि थापायला नव्या बाया घेतल्या. चुराच करायचा तर एवढा पातळ कशाला, म्हणून एकदा जाडेभरडे बिबडे करून पाहिले. पोरांनी ते परत केले. कुरकुरीतपणा नव्हता. म्हणजे बिबडा लिलाबाईचाच हवा, पातळ, गोल, उन्हासमोर धरता येण्याजोगा. ती अजूनही वेडावाकडा बिबडा बाजूला काढते आणि नव्या बाईच्या हातावर चापट मारते. सकाळभर कारखान्याच्या गच्चीवर बिबडे चांदण्यासारखे पसरलेले असतात. दुपारी देवचंद ते पाकिटात रचतो, बटण दाबतो आणि दुसरीकडे बघतो.

परवा किरणकडून एक पाकीट तक्रारीसह परत आलं. त्यात एक बिबडा अख्खा निघाला होता. शेठनं देवचंदला केबिनमध्ये बोलावून झाडलं. हा वाचलाच कसा? तुझं लक्ष कुठे असतं? पुन्हा असं झालं तर बघ. देवचंद मान खाली घालून ऐकत होता आणि आतून त्याला इतकं बरं वाटत होतं की त्याची त्यालाच भीती वाटली.

तो बिबडा त्यानं हातरुमालात गुंडाळून घरी नेला. लिलाबाईनं कडेवरून बोट फिरवलं आणि आपला म्हणून ओळखला. तिनं तो तळून ताटात त्याच्यासमोर ठेवला. ताटाएवढा फुलला होता.

"फोडा ना," ती म्हणाली.

देवचंदचा हात पुढे होईना.

"मनाकडून नही व्हनार."

"दिवसभर तोच उद्योग करतस ना?"

मग तिनंच बिबडा मधोमध मोडला, मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला आणि कांदा कापायला घेतला.