जावयाच्या घरचं जेवण

आम्ही परदेशात, रोटोटुना नावाच्या उपनगरात भाड्याच्या घरात राहत होतो, तेव्हा नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली. माझ्या अर्ध्या वेळेच्या पगारात भाडंच जेमतेम निघायचं, म्हणून घरभाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज केला. पुण्याहून राहायला आलेली माझी आई अर्जाच्या मुलाखतीलाही बरोबर आली. "घरी एकटी बसून काय करू?" म्हणाली.

अधिकारी "किया ओरा" म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार. आईनेही हात जोडून "किया ओरा" केलं. मग त्याने आमची खाती पाहिली.

"तुमची बचत मर्यादेच्या वर जातेय."

"थोडीच ना?" नवरा म्हणाला.

"थोडी असली तरी वरच. आणि आई तुमच्याकडे राहतात, त्या राहण्या-जेवणाचे पैसे देतात का? पूर्वी घरात राहणाऱ्या एक-दोघांचे पैसे आम्ही तुमच्या उत्पन्नात धरत नव्हतो. आता नियम बदललाय, पहिल्या माणसापासून धरतो."

"नाही," मी म्हणाले.

"येस!" आई म्हणाली. त्याच्या इंग्रजीतला 'पे' हा शब्द तिने बरोबर टिपला होता. "एव्हरी वीक! सन-इन-लॉ हाउस, आय नो ईट फ्री!"

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"आई, गप्प बस ना," मी पुटपुटले.

"का म्हणून? लेकीकडे फुकट खाते असं सांगू होय सरकारला?"

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मग ते पैसे जातात कुठे?"

आता सांगणं भागच होतं. आई दर आठवड्याला पेन्शनमधले पैसे माझ्या हातात कोंबायची. नाही म्हटलं की पानावर बसायची नाही. म्हणून मी ते घ्यायचे आणि गुपचूप वेगळ्या खात्यात टाकायचे, ती परत निघाली की तिलाच द्यायला. आमची बचत मर्यादेच्या वर जात होती ती त्याच खात्यामुळे.

अधिकाऱ्याला हसू आवरेना. "म्हणजे हे पैसे त्यांचेच. त्यांना परत करा, तसे कागद दाखवा, की पुन्हा बघतो. स्वीट ॲज, एकदम झकास!"

मी आईला मराठीत सगळं समजावलं. तिचा चेहरा पडला. "म्हणजे इतके महिने मी जावयाकडे फुकटच जेवले?"

पैसे तिच्या पुण्याच्या खात्यात गेले आणि आमची मदत सुरू झाली. आईने मात्र दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "पैसे घेत नाहीस ना? मग निदान हात चालवू दे."

रोज दोन भाज्या, कोशिंबीर, वर काहीतरी गोड. नवऱ्याला नवी नोकरी लागली तेव्हा त्याच्या मुलाखतीच्या कोटाची बटणं पोटावर लागत नव्हती.