मनुसोसचं पितळी बूच

माझ्या बहिणीचा नवरा मनुसोस याने बंद केलेली बरणी उघडायला पाना लागतो. गंमत नाही करत. एव्हांथियाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, स्वयंपाकघरात खिडकीशी एक पाना टांगलेला आहे आणि तो मधाच्या बरण्यांसाठीच आहे. चाळीस वर्षं हा माणूस क्रीट बेटावरच्या आमच्या डोंगरी गावात गाड्या दुरुस्त करतोय, आणि जे गळतं ते गच्च बंद करायचं, एवढीच त्याची विद्या. तोंडाचंही तेच. गॅरेजात त्याच्याशी गप्पा मारायला बसावं तर त्याच्यापेक्षा जॅक जास्त बोलतो.

त्याची मुलगी अरगिरो मात्र माझ्या वळणावर गेली, दिवसभर बडबड. हेराक्लिओ शहराच्या बंदरात क्रेन चालवते आणि सुट्टीला घाटाच्या शर्यतीत गाडी पळवते. गाडी जुनी, दोन दारांची, जपानी. बापाने दोन हिवाळे खपून तिला जोर वाढवणारा टर्बो बसवला. गाडी अशी सुटायची की शेजारी बसलेल्या मला सगळे संत आठवले. "कशी झालीय?" असं अरगिरोने विचारलं, तेव्हा मनुसोस म्हणाला, "टायर बदल." बापाच्या तोंडून "छान" हा शब्द त्या पोरीने एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. ती हसण्यावारी न्यायची, पण मामाला कळतं.

मग तेल गळायला लागलं. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे मुख्य दांडा बाहेर येतो, तिथलं तेल अडवणारं रबरी सील ओलं व्हायचं. घाटाच्या शर्यतीत ही साधी गोष्ट नाही. सुरुवातीच्या रेषेवर निरीक्षक गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवतो आणि इंजिन तापवायला सांगतो. पुठ्ठ्यावर थेंब पडला की गाडी माघारी, कारण त्या थेंबावर मागून येणारा घसरून दरीत जाईल. त्या वर्षी अरगिरोला दोनदा माघारी पाठवलं.

मनुसोसने सील बदललं. पुन्हा गळलं. पुन्हा बदललं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील म्हणून चारही सिलिंडरांचा दाब मोजला, तो ठणठणीत निघाला. तिसरं सील त्याने अथेन्सहून मागवलं, जोडीला एक जादाही. ते बसवून झालं त्या शुक्रवारी जेवताना अरगिरो म्हणाली, "बाबा, रविवारी परत पुठ्ठ्यावर तेल आलं तर सोमवारी मी गाडी शहरातल्या वर्कशॉपला नेणार. वेळ घेऊन ठेवलीय."

"त्यांना काय जास्त कळतं?" एव्हांथिया फणकारली.

"आई, मला फक्त गाडी चालवायचीय गं."

मनुसोस ब्रेडचा तुकडा ताटभर फिरवत राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. हात चालेनासे झाले तर या माणसाकडे बोलायलासुद्धा काही उरणार नव्हतं.

शनिवारी आमची भट्टी होती. द्राक्षांचा चोथा उकळून राकी ही आमची दारू गाळायचा दिवस गावात प्रत्येक घराला वाटून दिलेला असतो, आणि तो मुलीच्या शर्यतीसाठी पुढे ढकलता येत नाही. सकाळपासून तांब्याचा हंडा चुलीवर, निखाऱ्यात बटाटे, ताटात डाळिंबं. हंड्याच्या झाकणाची फट कणकेने लिंपतात, म्हणजे वाफ वरच्या नळीतूनच जाते आणि पलीकडे गार होऊन थेंब थेंब उतरते. लिंपायचं काम एव्हांथियाचं. हंडा भरायचं मनुसोसचं, आणि त्या दिवशी तो रागाने भरत होता.

पहिला थेंब येईचना. पहिल्या थेंबाऐवजी फुस्स झालं आणि झाकणाच्या कडेने कणीक फुटून वाफेचा फवारा माझ्या टोपीवर आला.

"कणीक पातळ मळलीस," मनुसोस म्हणाला.

एव्हांथियाने आणखी थापली. दुसऱ्या बाजूने फुटलं.

"पातळच आहे!"

"माझ्या कणकेला नावं ठेवायची नाहीत!" बहीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीस वर्षं हीच कणीक लावतेय. हंडा काठोकाठ कोंबलास, चोथा चढून नळीत अडकला. वाफेला जायला जागा नाही, मग ती कणीक फोडणार नाही तर काय करेल? बिचाऱ्या कणकेचा काय दोष?"

मनुसोस तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने अरगिरोकडे पाहिलं. अरगिरोने हातातला बटाटा खाली ठेवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते पितळी बूच."

टर्बो बसवल्यावर गाडीत तेलकट वास येतो अशी तिनेच कधीतरी तक्रार केली होती. इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ बाहेर जायला दोन नळ्या असतात. वास बंद करायचा म्हणून मनुसोसने एका नळीला पितळेचं बूच ठोकलं. दुसरी करंगळीएवढी नळी एका बाटलीत सोडली, आणि तेल बाहेर उडू नये म्हणून त्या बाटलीत भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरली. त्यावर टर्बो. जोर दुप्पट, म्हणजे रिंगांच्या कडेने पोटात उतरणारी हवाही दुप्पट, आणि वाट अर्धीसुद्धा नाही. म्हणून ती सील फोडत होती.

"थांब, खात्री करू," म्हणत अरगिरो आईचा रबरी हातमोजा घेऊन गॅरेजकडे पळाली. तेल ओतायच्या तोंडावर तिने मोजा चढवून रबराने बांधला आणि इंजिन सुरू केलं. मोजा फुगला, उठला, आणि पाचही बोटं पसरून मनुसोसच्या तोंडासमोर उभा राहिला. आमच्याकडे कुणाला असा पंजा दाखवला तर मारामारी होते.

मी हसून हसून चाकावर बसलो. एव्हांथियाने डोळे पुसले. आणि काय सांगू, मनुसोससुद्धा हसला.

"बरोबर आहे त्याचं," तो मोज्याकडे बघत म्हणाला.

मग त्याने भट्टी माझ्यावर टाकली आणि कामाला लागला. बूच काढलं, घासणी फेकून दिली. पाच लिटरचा ऑलिव्ह तेलाचा रिकामा डबा घेतला. इंजिनापासून डब्यात सोडायच्या दोन जाड नळ्यांसाठी डब्याला रुंद तोंडं हवी होती आणि तसं काही गॅरेजात नव्हतं. तेव्हा त्याने खुंटीवरची, त्याच्या वडिलांच्या भट्टीची तांब्याची नळी उतरवली, दोन तुकडे कापले आणि डब्याला झाळून जोडले. त्या नळीला तो मला हातही लावू देत नसे. डब्यात तेल अडवायला भोकं पाडलेला पत्रा आणि वर हवा सुटायला छोटा फिल्टर. आधीच ओलं झालेलं सीलही त्याने चौथ्यांदा बदलून टाकलं. संध्याकाळी पुन्हा मोजा चढवला. इंजिन जोरात फिरवलं तरी तो एका बाजूला मान टाकून पडून राहिला.

भट्टी मी सांभाळली तशी सांभाळली. राकी करपली.

रविवारी निरीक्षकाने पुठ्ठा सरकवला आणि अरगिरोने इंजिन तापवलं. मनुसोस तिकडे पाठ करून उभा होता, म्हणून बघायचं काम माझ्याकडे आलं. निरीक्षकाने पुठ्ठा ओढून काढला, उलटासुलटा केला आणि हात वर केला. गाडी सुटली.

ती अकरावी आली. घाटाच्या माथ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा ती गाडीला टेकून फोनवर बोलत होती. "नाही, उद्या नाही येत. परवाही नाही. माझ्या गाडीचं सगळं माझे बाबाच बघतात."

मनुसोसने बॉनेट उघडलं आणि डब्यात डोकावला. आत चमचाभर तेल होतं. त्याने झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा डोकावला. चमचाभर तेलाकडे किती वेळ बघायचं माणसाने?

"काय झालं, बाबा?" अरगिरोने घाबरून विचारलं. "गळलं का?"

"नाही," तो डब्यातच बघत म्हणाला. "चौथ्या वळणावर उशिरा ब्रेक मारलास." झाकण त्याने बोटांत फिरवलं. आणि मग डब्याला सांगावं तसं तो म्हणाला, "छान चालवलीस, पोरी. फार छान."

अरगिरोने बापाच्या हातातून झाकण घेतलं आणि स्वतः लावलं, हाताने उघडेल इतपतच घट्ट.