पाच वर्षं निरंक

सापगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथला पोलीस पाटील म्हणून मी पाच वर्षं एकच शब्द लिहिला: निरंक. महिन्याच्या तक्त्यात चोरी, मारामारी, घरफोडी असे रकाने असतात. सांगण्यासारखं काही नसलं की निरंक. माझं अक्षर तसं गिचमिड, पण हा शब्द मी छापल्यासारखा काढायचो.

शहापूर पोलीस ठाण्याच्या बैठकीत साहेब माझ्या गावाचं उदाहरण द्यायचे. शेजारच्या गावचा पाटील कोंबडी गेली तरी लिहायचा. त्याचा आकडा वाचताना साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. चहाच्या वेळी मी त्याला गाव कसं सांभाळावं याचे धडेही दिलेत.

माझी रीत सोपी होती. कुणी तक्रार घेऊन आला की ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि बोलत ठेवायचं. दोन तासांनी तोच कंटाळून म्हणे, "जाऊ दे पाटील." की झालं निरंक.

गेल्या उन्हाळ्यात पाड्यावरची एक बाई आली. नवरा वारलेला, भाताची दोन खाचरं तीच कसते. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेल्या जोडीतला एक बैल गोठ्यातून गेला होता.

"पाटील, माजा ढवळा नेला कोनी."

"नेला कशावरून? सुटला असंल. येल परत."

"दावं कापलंय वो. बैल काय कोयता घेऊन गेला?"

मी हसलो, पाणी दिलं, बोलत राहिलो. महिनाअखेर होती. ती "जाऊ दे" काही म्हणाली नाही, नुसती उठून गेली. मी तक्ता भरला.

आठ दिवसांनी मुरबाडकडून हवालदाराचा फोन आला. चोरीची जनावरं नेणारा टेम्पो धरला होता. तुमच्या गावात जनावर गेल्याची खबर आहे का?

"निरंक, साहेब!" मी म्हणालो. तोंडाला सवय झालेली. फोन ठेवला, तर शेजारी तांदूळ पाखडत बसलेली बायको म्हणाली, "अवो, मंग पाड्यावरच्या बाईचा बैल काय पावन्याकडं गेलाय?"

दुसऱ्या सकाळी बाईला मोटरसायकलवर बसवून मुरबाड गाठलं. ठाण्याच्या आवारात तिनं हाक मारली आणि ढवळ्यानं कान टवकारून दाव्याला हिसका दिला. मला वाटलं, झालं काम.

हवालदार म्हणाला, "पाटील, कालच सांगितलंत ना, गावात चोरी नाही? मग हा चोरीचा कसा? फिर्याद नाही तर मालक नाही. बेवारस म्हणून गोशाळेत जाईल."

"एका बैलानं चिखलनी कशी करू मी?" बाईनं विचारलं. विचारलं हवालदाराला, पण बघत होती माझ्याकडे.

आमचं गाव शहापूरच्या हद्दीत, म्हणून तसेच तिकडे मागे फिरलो. फिर्याद लिहिताना ठाणे अंमलदारानं विचारलं, "उशिराचं कारण?" मीच सांगितलं, "पोलीस पाटलाला सांगितलं होतं. त्यानं कळवलं नाही." तो लिहिताना दोनदा थांबून माझ्याकडे बघत होता.

कोर्टाच्या कागदासाठी चार हेलपाटे झाले. भातलावणीआधीच्या चिखलणीला दोन दिवस उरले असताना बैल सुटला. पाड्यावर आणून बांधला, तेव्हा बाई म्हणाली, "पाटील, दिवाळीत माजी कोंबडी पन गेलती. ती बी लिवा."

लिहिली. ते ऐकून बाकीचेही आले: कुणाचा पाण्याचा पंप, कुणाची सायकल, बांधावरून फुटलेलं एक डोकं. यातलं निम्मं जुनंच होतं, माझ्या ओट्यावर पाणी पिऊन परत गेलेलं. तरी तक्त्यात आमचं गाव त्या महिन्यात तालुक्यात पहिलं आलं.

"गावाला एकदम झालं काय?" साहेबांनी बैठकीत विचारलं. चोरटे होते तेवढेच होते, फक्त आता तक्त्यात आले होते. उभ्या उभ्या ऐकून घेतलं. तिकडे बाईच्या खाचरात जोडी चालत होती, एवढंच मनाशी धरून होतो.

खाली बसलो तसा शेजारच्या गावच्या पाटलानं बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

"कोंबडी पन लिवलीस का रे?"

"लिहिली."

"रंग लिवायचा," तो म्हणाला. "सापडली तर वळखायला बरं पडतं."