एका हाताने उघडणारी पिशवी

समस्त इंदिरानगरवासीयांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या परिसरातील एका घरात सपाट कापड शिल्लक राहिलेले नाही. पडदे, उशांचे अभ्रे, पाहुण्यांचे पंचे, सगळ्यांवर डोंगरदऱ्या उमटल्या आहेत. हे घर माझ्या साडूंचे, आणि त्यांच्याइतका घडीवेडा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

माणूस तसा सरळ. कारखान्यात पत्रा कुठे वाकवायचा याची ड्रॉइंगं काढण्यात त्यांची अख्खी नोकरी सरली. निवृत्तीनंतर पत्रा उरला नाही, म्हणून हाती येईल ते वाकवायला घेतलं. मिसळ खायला गेलो की हे बिलाचा बेडूक करून ठेवत. बिचारा वेटर तो उलगडायला लागला की ओरडत, "अरे, आधी मागचा पाय सोड!" लग्नपत्रिका ते वाचत नाहीत, घडी कशी घातलीय ते बघतात. त्यामुळे एकदा आम्ही दोघं सहकुटुंब, अंगभर दागिन्यांनिशी, दुसऱ्याच कुणाच्या तरी मुंजीत जेवून आलो. जेवण उत्तम होतं.

कागदावरून ते कापडावर आले त्याला मात्र कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, अर्धांगाचा झटका आला. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो. चालणं परतलं, बोलणं तर दुपटीने परतलं, उजवा हात तेवढा परतला नाही. एके दिवशी भाजीबाजारात डाव्या हाताने पर्सची चेन उघडेना. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. भाजीवाली चांगल्या मनानेच म्हणाली, "राहू द्या मावशी, आणा हिकडं, मीच काढते." तिने पैसे काढले, चेन लावली, पर्स ताईंच्या खांद्याला अडकवूनही दिली. त्या दिवसापासून ताई बाहेर पडायच्या बंद झाल्या.

साडूंनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी जपानी घड्यांची पुस्तकं मागवली. "तिरक्या चौकोनांची एक घडी आहे," त्यांनी मला पकडून सांगितलं. "एक कोपरा ओढला की अख्खा कागद उघडतो, सोडला की मिटतो. तीच कापडात आणायची. चेन नको, बटण नको. अंगठा अडकवायचा आणि ओढायचं. कळलं का, साडूभाऊ?" मला काही कळलं नव्हतं. मी चहा मागितला.

कापड कागदाचं ऐकत नाही, हे समजायला त्यांना सहा महिने लागले. सुती कापडाला त्यांनी भाताची कांजी पाजली, ते पावसाळ्यात घड्या विसरलं. टेरिलीनची स्मरणशक्ती चांगली, पण घड्या घातलेल्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ते दाबून, बांधून त्याला वाफ द्यावी लागते. आणि घरात वाफेचं भांडं एकच, मोदकपात्र. एका लाल ओढणीचा रंग जाळीला बसला आणि चतुर्थीला मोदकांची बुडं गुलाबी निघाली. शेजारच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, "गुलकंद घातलात का हो?"

"नाही," साडू खोटं बोलत नाहीत, "ओढणी."

पहिली पिशवी उघडली ती इतक्या जोरात, की आतला चष्मा कढीत पडला. दुसरी उघडली, पण मिटेना. "ही पिशवी आहे की चिडलेलं साळिंदर?" ताईंनी विचारलं. साडूंनी मान डोलावली आणि नवा पुठ्ठा आखायला घेतला. अशा किती झाल्या कोण जाणे. एकदा मी अवचित गेलो, तर खोलीत यांनी स्वतःचा उजवा हात पंच्याने पोटाशी बांधून घेतला होता आणि डाव्या हाताने पिशवीशी झटापट चालली होती. मला बघून चोरासारखे दचकले. "दार लोटा आधी," म्हणाले. "तिला कळायला नको." मी दार लोटलं. त्या दिवसानंतर त्यांची टिंगल करताना माझी जीभ जरा अडखळायला लागली.

गेल्या रविवारी ताई "एकदाच, तेही तुमच्या समाधानासाठी" म्हणत बाजारात निघाल्या. खांद्याला तळहाताएवढी जांभळी पिशवी. साडू त्यांना इतके चिकटून चालत होते की मागून येणाऱ्या मला दोघांची सावली एकच दिसत होती. भाजीवाली तीच. मेथीची जुडी दिली आणि सवयीने तिने पर्ससाठी हात पुढे केला. ताईंनी तो हात पाहिला. मग डावा अंगठा फितीत अडकवून ओढला. चोवीस घड्या एकदम उघडल्या. नोट काढली, अंगठा सोडला, पिशवी मिटली.

"अगं बया!" भाजीवाली म्हणाली. "लय भारी हाय की, मावशी!"

काही सांडलं तर झेलावं म्हणून साडूंनी पिशवीखाली दोन्ही हातांची ओंजळ धरली होती. काहीच सांडलं नाही. ओंजळ मात्र तशीच राहिली. इतके महिने ज्या हातांना क्षणाची उसंत नव्हती, त्यांना आता काय करायचं ते सुचेना. मी त्यांच्याकडे बघायचं टाळून दुधीची चौकशी करू लागलो. ताईंचं मात्र लक्ष गेलं, आणि त्या भर बाजारात कडाडल्या,

"अहो, लांब व्हा ना जरा! मला पुढच्या दुकानात जायचंय, एकटीला!"