दुसऱ्या हाताची टीप

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पवनारच्या आमच्या ओट्यावरून मला समोर थांबलेल्या बसची पाटी वाचता आली. मला केवढा आनंद झाला! पण शिलाई मशीनवर बसले, तर सुईचं नेढंच दिसेना. मी घाबरून सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लांबचं दिसतं ना? जवळच्याला चष्मा लागतोच. डोळा नीट बरा होऊ द्या, मग नंबर काढू."

तोवर काळा गॉगल लावून मी नुसती बसून होते. सून वेळेवर डोळ्यांत थेंब टाकायची.

तीसेक वर्षं मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवत आले. मागची दोन वर्षं धूसर दिसायचं, तरी एकीचीही तक्रार आली नव्हती. डोळे गेले तरी हात शाबूत आहेत, असं मी अभिमानानं सांगायची.

वर्ध्याहून चष्मा आला त्या सकाळी दोरा दुसऱ्याच खेपेला ओवला गेला. मग ऑपरेशनच्या आधी शिवून ठेवलेला, कुणी न्यायला न आलेला एक ब्लाउज सहज उलटून पाहिला. बगलेतली टीप सरळ होती, पण तिच्या शेजारी उसवलेल्या शिलाईची बारीक भोकं होती. माझी टीप बारीक असते, ही जरा लांब होती. दुसरा ब्लाउज काढला. त्यातही तेच.

सून कणीक भिजवत होती. मी ब्लाउज तिच्यापुढे धरला. "हे तू उसवून शिवलं काय?"

तिचे हात थांबले. "हो, आई. तुमी दुपारी भजनाले गेल्या का मी करत जाओ."

"काऊन वं, सांगतलं नाई मले?"

"सांगतलं असतं तं तुमी मशीनच बंद केली असती. मंग दिवसभर कराल काय?"

मला राग आला, आणि रागाहून जास्त लाज. दुपारी मी भजनालाही गेले नाही. तो ब्लाउज मांडीवर घेऊन चष्म्यातून पाहत बसले. बगलेच्या वळणावर कापड गोळा होतं, तिथं भल्याभल्यांचा हात अडतो. तिथंही चुणी नव्हती. मी तिला कधी काही शिकवलं नव्हतं.

"शिकली कुठी एवढं?" शेवटी मीच विचारलं.

"तुमचंच उसवू उसवू," ती म्हणाली, आणि मला हसू आलं. मग तीही हसली.

दुसऱ्या दिवशी मी कात्री तिच्या हातात दिली. "कापड बिघडलं तं?" ती भ्यायली. मी माझं जुनं लुगडं पुढं टाकलं आणि खडूनं गळा आखून दाखवला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. परवा शेजारची मुलगी लग्नाचा ब्लाउज टाकायला आली. मी म्हटलं, "माप हिच्याजवळ दे." सुनेनं गळ्यात टेप घातला आणि मी तिनं सांगितलेले आकडे वहीत लिहून घेतले.