चोरानं उचललेला भंडारा

मी सज्जन आहे असं एका कागदावर लिहिलेलं होतं. अक्षर माझंच होतं.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं वारंगा फाट्यावर जनावरांच्या औषधांच्या एका दुकानात, मागच्या खोलीत जमायचो आणि एक खेळ खेळायचो. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा आमचा एक मित्र घरून काम करायला म्हणून गावी परतला, त्यानं तो आणला. त्यात पट नसतो, पत्ते नसतात. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याची हत्यारं, ताकद, खोडी सगळं कागदावर लिहायचं. मित्र गोष्ट सांगत जातो आणि आपण काय करतो ते आपण बोलायचं. जमलं की फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवतो. कागदावर एक ओळ स्वभावाची असते. पात्र नियमानं चालतं की मनाला येईल तसं, आणि सज्जन आहे की दुर्जन, ते तिथं आधीच लिहून टाकायचं.

मी डोंगरकड्याच्या शाळेत शिक्षक. मी धर्मयोद्धा घेतला आणि 'नियमाचा, सज्जन' असं लिहिलं, यात कुणालाच नवल वाटलं नाही. दुकानाचा मालक मेंढरं राखणाऱ्या घरातला, साधारण माझ्याच वयाचा. त्यानं चोर घेतला आणि 'मनाचा, दुर्जन' असं हसत हसत लिहिलं. तिसऱ्या आमच्या ताई, जवळच्या तांड्यावरच्या, आरोग्य उपकेंद्रात नर्स. त्यांनी जादूगारीण घेतली आणि स्वभावाच्या ओळीत 'बघू' एवढंच लिहिलं.

तेव्हापासून चोराचं आणि माझं एक दिवस पटलं नाही. तो झोपलेल्या पहारेकऱ्याचा खिसा कापायचा, मी त्याला पापपुण्य सांगायचो. तो किल्ल्याच्या विहिरीत विष टाकू म्हणायचा, मी तलवार काढून विहिरीवर उभा राहायचो. कधी कधी अख्खी दुपार आमच्या वादात जायची आणि राक्षस बिचारा ताटकळत बसायचा. ताई म्हणायच्या, "तुमचं दोघाचं मिटू द्या, मंग मला उठवा." मला मात्र त्या वादांत फार मजा यायची. चूक कोण आणि बरोबर कोण हे कागदावरच लिहिलेलं होतं ना.

त्याच दिवसांत चोराच्या, म्हणजे दुकानदाराच्या, धाकट्या बहिणीचं लग्न जमत होतं. आधी एकदा जवळा बाजारकडच्या स्थळाशी तिचा साखरपुडा झाला होता. शिकू देऊ असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि साखरपुडा उरकताच कॉलेज बंद करा म्हणाले. पोरीनं स्वतःच मोडलं. आता दुसऱ्या स्थळाची बोलणी बुधवारी होती आणि मध्यस्थ म्हणून मी जायचं ठरलं होतं. आमच्याकडे मध्यस्थाचं काम सुपारी फुटली की संपत नाही. पुढं कुणी शब्द फिरवला तर त्याच माणसाला दारात उभं करतात. दुकानदार मला म्हणाला होता, "सर, तुमी शब्दाचे पक्के. तुमी मधात असले की पोरीच्या शिक्षणाला धोका न्हाई." हे मी घरी बायकोला तीनदा ऐकवलं.

बोलणी व्हायच्या आधीचा तो रविवार. खेळात आम्ही एका म्हाताऱ्या राक्षसिणीला पकडलं होतं. किल्ल्याची चोरवाट फक्त तिला ठाऊक. ती म्हणाली, म्हणजे मित्र तिच्या आवाजात म्हणाला, जिवंत सोडायचा शब्द द्या, मग सांगते. दुकानदार लगेच म्हणाला, "दिला." मला चेव आला. चोराच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, असं मी म्हणालो. आणि मग नको ते बोललो. खोलीत देव्हाऱ्यासमोर भंडाऱ्याची डबी होती. मी म्हणालो, "एवढं खरं असेल तर भंडारा उचला."

त्यांच्या घरात बेल-भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडत नाहीत. मला हे चांगलं माहीत होतं. तो म्हणाला, "सर, खेळात न्हाई उचलत." मी हसलो. म्हणालो, "बघा, चोर तो चोरच." तो उठला, मागच्या नळावर हात धुतले, डबीतला चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला आणि म्हणाला, "आमच्या तिघांतलं कोणीबी तिला हात लावणार न्हाई."

राक्षसिणीनं वाट सांगितली. आम्ही तिचे दोर सोडले. ती पाठमोरी निघाली आणि माझं डोकं चालायला लागलं. ही मोकळी सुटली तर पुढच्या गावातली लेकरं खाणार. दुष्टाला संपवणं हा धर्मयोद्ध्याचा नियम. शिवाय शपथ चोरानं घेतली होती, मी नाही. "मी मागून वार करतो," असं म्हणून मी फासा टाकला. एकोणीस पडले. मित्रानं कपाळाला हात लावून सांगितलं की ती मेली.

मला वाटलं, आता दुकानदार भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तो भांडला नाही. त्याचा चेहरा उतरला. तो उठून नळावर गेला आणि हात धुऊ लागला, पिवळं निघून गेलं तरी धूत राहिला. आत आल्यावर एवढंच बोलला, "सर, मी तिघांच्या नावानं उचलला होता."

"अहो, खेळ आहे," मी म्हणालो. "आणि माझ्या स्वभावात ते बसतं. कागद बघा."

"खेळच व्हता तं डबीकडं बोट काहून केलं?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. त्या कागद गोळा करत म्हणाल्या, "चोरानं पाळलं सर, अन् तुमी मोडलं." मी हबकून गेलो. इतके महिने मी त्याला नीती शिकवत होतो आणि खोलीतल्या कुणालाही आता मी शब्दाचा पक्का माणूस वाटत नव्हतो. घरी जाताना डोंगरकड्याचा फाटा कधी मागे गेला ते कळलंच नाही.

सोमवार कसाबसा गेला. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेलो. तो एका बाईला शेळीचं जंताचं औषध किती पाजायचं ते समजावून सांगत होता. बाई गेल्यावर मी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"तुमी नका येऊ, सर. मधात बसायला नर्सताईला सांगितलं मी."

माझे कान तापले. एका खेळातल्या राक्षसिणीपायी? वीस तोंडांच्या फाशापायी? मी म्हणालो, "तुमच्या बहिणीच्या बाबतीत मी शब्द फिरवीन असं वाटतं तुम्हाला?"

तो रागात नव्हता, तेच मला सहन होईना. बाटल्या सरळ लावत तो म्हणाला, "फिरवणार न्हाई तुमी. पण उद्या ते लोक म्हणले, घरात म्हतारं माणूस आजारी हे, पोरीचं कॉलेज बंद करा, तं तुमाला ते पटंल. तुमी आमाला समजावायला याल. अन् तुमचं बोलणं बराबरबी असंल."

असं कसं, असं मी म्हणणार होतो. पण त्यानं 'म्हतारं माणूस आजारी' म्हटलं तेव्हाच माझ्या मनात येऊन गेलं होतं की तसं असेल तर मग एखादं वर्ष थांबायला काय हरकत आहे.